गोठलेली लस

कोठीताईंना बर्फाचा आवाज कळत असे. मिरवावी अशी ही विद्या नव्हे, पण शहराच्या लसकोठीत बावीस वर्षं काढल्यावर माणसाला काहीतरी यायलाच हवं, आणि त्यांना हे येत होतं. आइसपॅक म्हणजे पाणी भरून गोठवलेला प्लास्टिकचा चपटा डबा. तो फ्रीझरमधून काढून थेट लसीच्या पेटीत घालायचा नसतो. आधी टेबलावर मांडायचा, त्याला घाम फुटू द्यायचा, मग कानाशी नेऊन हलवायचा. आतून पाणी चुळुक करून बोललं की समजायचं, आता हा लसीशेजारी बसायच्या लायकीचा झाला. तोवर नाही. कारण फ्लूची लस गारठ्याला भिते. एकदा गोठली की संपली. दिसायला तशीच दिसते, टोचायला तशीच टोचता येते, पण दंडात जातं ते नुसतं पाणी.

कोठीतली माणसं त्यांची चेष्टा करायची. ताई पॅक कानाला लावून उभ्या राहिल्या की कुणीतरी हटकून विचारायचं, "काय म्हणतोय बर्फ? घरचे सगळे बरे आहेत ना?" ताई हसायच्या, पण हातातला डबा बोलल्याशिवाय खाली ठेवायच्या नाहीत. खात्यातला प्रत्येक माणूस त्यांना कोठीताईच म्हणे. खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथेच पडून होतं.

त्या वर्षी दोन देश पलीकडे कोंबड्या मरायला लागल्या. मग कोंबड्या सांभाळणारी माणसं, मग त्यांना तपासणारे डॉक्टर. साथ इकडे यायला दोन महिने लागतील असं कुणी म्हणत होतं, कुणी तीन म्हणत होतं. येणार नाही असं मात्र कुणीच म्हणत नव्हतं. त्या नव्या फ्लूवरची लस घाईघाईने तयार झाली आणि तिचा पहिला साठा शहराला मिळाला. चाळीस हजार माणसांपुरता. दवाखान्यातली माणसं, कोंबड्यांच्या शेडवर राबणारे, साठी उलटलेले आणि छातीने अधू असलेले, एवढ्यांना आधी. वरून हुकूम आला की ही लस एकाच दिवसात टोचून दाखवायची. उद्या खरीच साथ आली तर सगळं शहर आठवड्यात उरकता आलं पाहिजे, त्याची ही रंगीत तालीम.

कल्पना चांगली होती, हे ताई नंतरही कबूल करत. वाईट होती ती तालीम बघायला येणारी माणसं.

शहराचा आरोग्य अधिकारी ताईंचा सख्खा दीर होता. ताई लग्न होऊन आल्या तेव्हा तो सोळा वर्षांचा, काटकुळा, रात्रंदिवस पुस्तकात नाक खुपसून बसलेला. त्याच्या फीसाठी ताईंच्या नवऱ्याने छापखान्यात दोन पाळ्या केल्या, आणि त्या शिशाच्या आणि कागदाच्या धुळीने स्वतःच्या छातीचं मातेरं करून घेतलं. ताईंनी दिराच्या परीक्षांना पहाटे उठून चहा दिला, त्याचे शर्ट धुतले, त्याच्या नापास झाल्याच्या एका बातमीवर सासूच्या आधी त्याच रडल्या. साहेब होऊन तो याच खात्यात बदलून आला तेव्हा पहिल्याच दिवशी म्हणाला, "वहिनी, ऑफिसात नातं नको. इथे तुम्ही स्टोअरकीपर, मी अधिकारी." ताईंना ते फार आवडलं. पोरगं सरळ आहे, असं त्यांनी नवऱ्याला दोनदा सांगितलं.

तालमीच्या दिवशी सकाळी साडेसहाला कोठीच्या अंगणात ऐंशी पेट्या रांगेने मांडल्या होत्या. शेजारी टेबलांवर आइसपॅक, पांढरेफटक. हवा गार होती, त्यामुळे घाम फुटायला वेळ लागत होता. ताई एकेक डबा कानाशी नेऊन परत ठेवत होत्या. एकही बोलेना. सात वाजता मंत्री येणार होते आणि त्यांच्याआधी कॅमेरेवाले येऊन अंगणभर वायरी पसरून बसले होते. त्यातल्या एकाने दाढी खाजवत सांगितलं की हे पॅक असे वाफाळते, बर्फाची साय धरलेले असतानाच पेटीत जाताना दिसले पाहिजेत. एकदा का ते ओलेगिच्च झाले की पडद्यावर घाणेरडे दिसतात.

साहेब घड्याळ बघत आले. "झालं का? भरा आता."

"अजून आवाज नाही," ताई म्हणाल्या. "निदान पाऊण तास लागेल."

"पाऊण तासात मंत्री चहा पिऊन निघून जातील."

"मग जाऊ देत. लस गोठली तर कुणाच्या काय उपयोगाची?"

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. ताईंच्या शेजारी स्वतःची पेटी घ्यायला आलेली एक नर्स उभी होती. डाव्या हाताने टोचायची म्हणून सगळे तिला डावरी म्हणत. तिच्यादेखत साहेब एक पाऊल पुढे आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "वहिनी, माझ्यासाठी. आजवर कधी काही मागितलं का? एवढं एक करा."

त्या पहिल्या दिवसानंतर सहा वर्षांत ऑफिसात तो आजच वहिनी म्हणाला होता. आणि ताईंनी काय करावं? बावीस वर्षांची अक्कल टेबलावर ठेवली आणि पॅक उचलले. कुणी हात धरून भरायला लावले नाहीत. ऐंशीच्या ऐंशी पेट्या त्यांच्या देखरेखीखाली भरल्या गेल्या, त्यातल्या तीसेक तर त्यांनी स्वतःच्या हातांनी. बर्फ बोटांना चिकटत होता. मंत्र्यांनी एक पॅक हातात धरून कॅमेऱ्याकडे बघत "हुहू" केलं, सगळे हसले, आणि गाड्या सुटल्या.

संध्याकाळी पेट्या परत आल्या. प्रत्येक पेटीत काड्यापेटीएवढं एक यंत्र ठेवलेलं असतं. लस सुखरूप असेल तर त्याच्या काचेवर बरोबरची खूण दिसते, गोठली तर फुली. ताईंनी पहिली पेटी उघडली. फुली. दुसरी उघडली. फुली. ऐंशीतल्या त्र्याहत्तर पेट्यांत फुल्या होत्या, आणि बाहेर फटाफट टाळ्या वाजत होत्या, कारण चाळीस हजारांचा आकडा पार झाला होता.

यंत्रं बिघडली असतील, अशी ताईंनी स्वतःची समजूत घातली. माणूस कशाकशाला लटकतो! मग त्यांनी जुनी परीक्षा केली. कधीही कोठीबाहेर न गेलेली एक कुपी मोठ्या फ्रिजमधून काढली, पेटीत उरून परत आलेली दुसरी घेतली, दोन्ही एका मुठीत धरून खूप हलवल्या आणि टेबलावर ठेवल्या. चांगली लस दुधी असते आणि बराच वेळ तशीच राहते. गोठलेली लस नासते, तिचा गाळ खाली बसतो. ताई स्टूल ओढून समोर बसल्या. दहा मिनिटांत दुसऱ्या कुपीत वर निवळ पाणी आणि तळाला पांढरा चोथा दिसू लागला. अर्ध्या तासात शंकेला जागाच उरली नाही. चाळीस हजार माणसं घरी जाऊन दंड चोळत बसली असतील, आता आपल्याला काही होत नाही म्हणून. त्यांत त्यांचा छातीने अधू नवरा होता. सासू होती.

दुसऱ्या दिवशी त्या साहेबांच्या खोलीत गेल्या तेव्हा तिथे बसायला जागा नव्हती. खुर्च्यांवर फुलांचे गुच्छ होते. एकाचं पाणी गळून फायलींखाली ओघळत होतं आणि त्याला कुबट वास येत होता.

ताईंनी सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं, एकदाही टोकलं नाही. मग म्हणाले, "ती यंत्रं स्वस्तातली आहेत. सगळा गठ्ठाच सदोष असणार. फेकून द्या."

"आणि कुपीतला गाळ?"

"वहिनी, कुप्या हलवून बघणं ही काही प्रयोगशाळा नाही."

"मग प्रयोगशाळेत पाठवा."

साहेब उठून दार लावून आले. "ऐका. तीन आठवड्यांनी दुसरा साठा येतोय. तेव्हा याच लोकांना बोलावू, दुसरा डोस म्हणून देऊन टाकू. कुणाचं काही बिघडत नाही. आज जर सांगितलं की कालची लस म्हणजे पाणी होतं, तर पुढच्या वेळी या शहरातला एक माणूस तरी बाही वर करेल का? तुम्हीच सांगा. खरी साथ येईल तेव्हा रिकाम्या मांडवात बसायचं का आपण?"

यात तथ्य नव्हतं असं नाही. म्हणूनच तर किळस यावी. धडधडीत खोटं असतं तर ताई तिथेच फाडकन बोलल्या असत्या. पण हे असं अर्धं खरं, गुळगुळीत, हातातून निसटणारं.

"आणि तीन आठवड्यांच्या आत साथ आली तर?"

"येत नाही," साहेब म्हणाले, जणू साथ त्यांची परवानगी काढून येणार होती. मग त्यांनी एक छापील कागद पुढे सरकवला. 'लस साठवणीपासून टोचणीपर्यंत योग्य तापमानात राखण्यात आली.' खाली कोठीप्रमुखाची सही. "हा वर गेला की आपलं काम संपलं. आज-उद्या द्या."

ताईंनी सही केली नाही. नाहीही म्हणाल्या नाहीत. "बघते," म्हणाल्या आणि कागद घेऊन आल्या. पुढे कितीतरी दिवस त्यांना स्वतःचा हा एक शब्द तोंडात कडू लागायचा. बघते म्हणे! काय बघायचं राहिलं होतं?

तीन दिवस कागद टेबलाच्या खणात पडून राहिला. ती यंत्रं ताईंनी फेकली नव्हती, खोक्यात घालून कपाटावर ठेवली होती. घरी नवरा दंड दाखवून फुशारक्या मारत होता. "जरासुद्धा ताप नाही आला बघ! साधी कणकणसुद्धा नाही." कशी येणार कणकण, पाण्याने? ताई "बरं झालं" म्हणत आणि स्वयंपाकघरात निघून जात. नवरा जिना चढला की त्याची छाती वाजायची आणि तो आवाजही त्यांना चांगला कळत होता.

चौथ्या दिवशी मोठ्या फ्रिजमध्ये एक कुपी कमी भरली. राखीव म्हणून वीस कुप्या ठेवल्या होत्या, न हललेल्या, निर्धोक. त्यातली एक नव्हती. ताईंनी नोंदवही पाहिली. सकाळीच साहेबांनी स्वतः येऊन ती नेली होती. कारण लिहिलं होतं, 'तपासणीसाठी', आणि खाली सही.

ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे पाठवली शेवटी प्रयोगशाळेत! चांगली कुपी आणि खराब कुपी शेजारीशेजारी ठेवून तपासायला लावणार, पोरगं सरळ आहे, थोडं घाबरलं होतं एवढंच. आपणच त्याच्यावर उगाच संशय घेतला. त्या दिवशी दुपारी त्या कोठीत सगळ्यांशी इतक्या गोड बोलल्या की कुणीतरी विचारलं, "ताई, बर्फाने लॉटरी लागल्याचं सांगितलं का?"

संध्याकाळी साहेबांचा फोन आला. "वहिनी, दादाला घेऊन घरी या. आईही इथेच आहे. लगेच या, थांबवून ठेवलंय."

काय थांबवून ठेवलंय ते ताईंना कळलं नाही. दारातून आत पाऊल टाकल्यावर कळलं.

जेवणाच्या टेबलावर लसीचा छोटा डबा होता. त्याच्या शेजारी एक जाड टॉवेल अंथरला होता आणि त्यावर दोन आइसपॅक नीट मांडून ठेवले होते. त्यांना घाम फुटला होता. टॉवेल ओला झाला होता. ताईंनी न राहवून एक उचलला आणि कानाशी हलवला. आत पाणी चुळुक करून बोललं.

घरी मात्र साहेबांनी वेळ दिला होता. घरी कॅमेरेवाले नव्हते, मंत्री नव्हते, आणि दंड स्वतःच्या बायकामुलांचे होते.

ताईंनी पॅक टॉवेलवर परत ठेवला. समोर घरची मंडळी कापसाचे बोळे दंडाला लावून बसली होती. साहेबांची बायको, कॉलेजातली मुलगी, पलीकडे सासू. सासू म्हणाली, "ये गं, तुझीच वाट बघत होतो. हा म्हणतो दोनदा घेतली की जास्त चांगलं. आपलं माणूस खात्यात असल्यावर एवढा फायदा नको का?" आणि खिडकीपाशी डावरी सिरिंज भरत होती. साहेबांनीच तिला बोलावलं होतं. ताईंच्या नवऱ्याने तर आल्याआल्या बाही वर सारून खुर्ची पकडलीही होती.

"भाऊजी," ताई म्हणाल्या, "ही तपासणीची कुपी का?"

साहेबांनी डोळ्यांनी खुणावलं. नंतर, असं.

डावरी हसत म्हणाली, "काय नशीबवान माणसं आहात हो ताई! दुसरा डोस घरबसल्या. मी तर माझ्या आईला तालमीच्या दिवशी पहिल्याच तासात दिली. दम्याची आहे ना ती. म्हटलं, बाकीचे नंतर, आधी आई." आणि तिने ताईंच्या नवऱ्याच्या दंडावर कापूस फिरवला.

आता इथे ताई गप्प बसल्या असत्या तर ही गोष्ट इथेच संपली असती, आणि सांगण्यात काही अर्थही नव्हता.

"तुझ्या आईला पाणी दिलंस तू," ताई म्हणाल्या. "त्या दिवशीची सगळी लस गोठली होती. त्र्याहत्तर पेट्यांत फुल्या आहेत. साहेबांना माहीत आहे. म्हणून तर ही वेगळी कुपी घरी आलीय."

डावरीचा हात थांबला. साहेबांच्या बायकोने मुलीकडे पाहिलं, मुलीने फोनकडे.

"पण पॅक तर तुम्ही भरलेत," डावरी म्हणाली. "मी तिथेच होते. तुम्ही भरलेत, ताई."

"हो. मीच भरले."

"यांनी सांगितलं, आणि तुम्ही भरले?"

"हो."

डावरीने त्यांच्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की ताईंना तोंड लपवायला जागा सापडेना. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

साहेब मात्र साहेबच. त्यांनी घसा साफ केला. "सिस्टर, हे बघा. ही दहा डोसांची कुपी आहे. आम्ही सहा जण. चार उरतात. तुमच्या आईला, तुम्हाला, घरात आणखी कुणी असेल त्यांना. आत्ताच डब्यातून घेऊन जा. माझा ड्रायव्हर सोडेल. बाकीचं मी तीन आठवड्यांत निस्तरतो. शब्द देतो."

डावरीने हातातल्या सिरिंजकडे पाहिलं, मग कुपीकडे. ताई मनातल्या मनात तिला म्हणत होत्या, नको घेऊस, फेक त्याच्या तोंडावर. आणि लगेच दुसरं मन म्हणत होतं, का नको? तिची आई आहे, दमेकरी आहे, आणि तू कोण तिला शहाणपण शिकवणारी? डावरीने ताईंच्या नवऱ्याला टोचलं, साहेबांना टोचलं, मग सिरिंज खाली ठेवून ताईंकडे वळली.

"मला नको," ताई म्हणाल्या.

"मग पाच उरतात," साहेब म्हणाले. अगदी सहज. डावरीने कुपी डब्यात ठेवली, वर ते घाम फुटलेले पॅक रचले, झाकण लावलं आणि कुणाकडेही न बघता निघून गेली.

"वहिनी, तुम्ही उगाच..." साहेबांनी सुरुवात केली.

"वहिनी म्हणू नकोस मला," ताई म्हणाल्या. तीस वर्षं त्या दिराला अहोजाहो करत आल्या होत्या. "तुझ्या परीक्षेच्या चहात मी विष घातलं असतं तरी इतकी घाण वाटली नसती."

सासू ओरडली. नवऱ्याने ताईंना दंडाला धरून बाहेर आणलं. रस्ताभर तो एकच वाक्य बोलत राहिला, "रक्ताचा भाऊ आहे माझा." घरापाशी आल्यावर मात्र थांबून म्हणाला, "तू घ्यायला हवी होतीस. उगीच हट्ट." ताईंना त्याचीही किळस आली, आणि तो सुरक्षित झाला याचं बरंही वाटलं, आणि बरं वाटल्याची आणखी किळस आली.

सकाळी त्यांनी खणातला कागद काढला. छापील ओळीवर काट मारली आणि खाली लिहिलं, 'आइसपॅक पुरेसे वितळू न देता पेट्या भरल्या. आरोग्य अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून मी स्वतः भरल्या. लस गोठली आहे. चाळीस हजार माणसांना पुन्हा लस द्यावी लागेल, ती लगेच द्यावी.' फुल्यांच्या यंत्रांचं खोकं कपाटावरून उतरवून कागदासोबत बांधलं आणि राज्याच्या मुख्य लस कार्यालयात स्वतः नेऊन दिलं. पोच घेतल्याशिवाय हलल्या नाहीत.

पुढचं फार चटकन झालं. मुख्य कार्यालयातून साहेबांना फोन गेला, आणि साहेबांनी संध्याकाळपर्यंत कातडी बदलली. बातम्यांत ते गंभीर चेहऱ्याने दिसले. लस साठवणीतील एक गंभीर त्रुटी आपल्या दक्षतेमुळे वेळीच उघडकीस आली, म्हणाले. कोठीप्रमुखांनी नियम डावलून पेट्या भरल्या, त्यांना निलंबित केलं आहे, त्यांनी स्वतः तसं लिहून दिलं आहे. त्यांच्या लेखी कबुलीतलं एक वाक्य त्यांनी वाचूनही दाखवलं, 'मी स्वतः भरल्या' एवढंच. त्याच्या अलीकडचे शब्द गिळून टाकले. आपण राखीव साठ्यातली एक कुपी तपासायला घेतली होती, असंही म्हणाले. नोंदवहीत तशी नोंद होतीच.

नवऱ्याने टीव्ही बंद केला. म्हणाला, "जाऊ दे. त्याची नोकरी तरी वाचली. तुझी तशीही चारच वर्षं उरली होती." तेव्हापासून दोघांत मीठ-मिरचीपुरतंच बोलणं उरलं.

एक गोष्ट मात्र झाली. मुख्य कार्यालयाने तीन आठवड्यांनी येणारा साठा तालमीनंतर बाराव्या दिवशीच पाठवला. साथ तोवर शेजारच्या देशाच्या बंदरात उतरली होती.

तेराव्या दिवशी सकाळी ताई चष्मा लावून, बाही सैल असलेला कुडता घालून एका शाळेच्या लसकेंद्रावर गेल्या. "कशाला जातेस? लोक ओळखतील," नवरा म्हणाला होता. मैदान रिकामं दिसेल अशी त्यांची खात्री होती. एक माणूसही बाही वर करणार नाही, असं साहेबांनी सांगितलं होतं, आणि ते वाक्य बारा रात्री ताईंच्या उशाशी बसलं होतं.

मैदान भरलेलं होतं. रांग फाटकाबाहेर जाऊन भिंतीला वळसा घालून पलीकडच्या गल्लीत शिरली होती. ताई शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. सगळी रांग एकाच बाईला शिव्या देत होती.

"ती कोठीवाली म्हणे! पगार खायचा आणि बर्फसुद्धा नीट ठेवता येत नाही?"

"मंद असेल. नाहीतर पैसे खाल्ले असतील."

"तिला त्याच फ्रीझरमध्ये कोंडायला पाहिजे."

पुढे उभी असलेली एक म्हातारी मागे वळून ताईंना म्हणाली, "तुम्हीच सांगा, काय करायला पाहिजे अशा बाईचं?"

"नोकरीवरून काढली ना तिला," ताई म्हणाल्या.

"एवढंच? माझा मुलगा कोंबड्यांच्या शेडवर आहे. पुन्हा एक दिवसाची मजुरी बुडवून आलाय तो. आला बिचारा, नाही असं नाही. म्हटलं, आता चूक करणारी पकडली आहे, आता नीट देतील."

शिव्या देत का होईना, आले होते. राग काढायला एक तोंड मिळालं म्हणूनच कदाचित आले होते. ताईंच्या मनात आलं, दिराने शेवटी लोकांचं भलं केलं ते असं, आणि त्यालाही ते कळलेलं नाही.

दोन तासांनी ताई टेबलापाशी पोचल्या. टेबलामागे डावरी होती. ताईंना बघून तिचा चेहरा उतरला. तिने आधी आजूबाजूला पाहिलं, मग खुर्चीकडे बोट केलं. ताई बसल्या, बाही वर केली.

"आई बरी आहे," डावरी पुटपुटली.

"बरं झालं."

"चौकशी होती परवा. मला विचारलं, तू अंगणात होतीस, साहेब काही म्हणाले का." तिने सिरिंजमध्ये लस ओढली. "मी म्हटलं, मी काही ऐकलं नाही. पॅक ताईंनी आपणहून भरले, असं लिहून दिलं मी."

ताईंना वाटलं, उठावं, या पोरीच्या तोंडावर थुंकावं आणि चालू पडावं. तिच्या हातची लस? या हाताची? शेजारच्या टेबलापाशी रांगेतली ती म्हातारी मुलाची बाही वर करत त्याला सांगत होती, अजिबात हलायचं नाही, एक सेकंदाचं काम आहे.

"हात सैल सोडा, ताई," डावरी म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी टपकत होतं.

ताईंनी हात सैल सोडला. सुई आत गेली. कापूस दाबून धरत त्या उठल्या आणि डावरी अजून तशीच बसलेली पाहून मोठ्याने म्हणाल्या, "रडतेस काय? माणसं खोळंबलीत. पुढच्याला बोलाव."